उघड्या दारातली प्रार्थना

शाळेच्या आठवणी लिहायला आपल्यात पुष्कळ जण आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मधल्या सुट्टीतली बोरे, पी.टी.च्या सरांची शिट्टी, गॅदरिंगचे फसलेले नाटक, हे सगळे या स्मरणिकेत येईलच. मी संपादक मंडळाची परवानगी घेऊन एका अशा बाईंवर लिहिते आहे, ज्यांना जाऊन शंभर वर्षे उलटली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात पंडिता रमाबाईंवर जेमतेम चार ओळी होत्या. शारदा सदन, मुक्ती सदन, विधवांसाठी कार्य. एवढ्यावर गाळलेल्या जागा भरल्या की सुटलो. निम्मा वर्ग त्यांना रमाबाई रानडे समजून उत्तर लिहायचा आणि इतिहासाच्या बाई लाल शाईने फुल्या मारून दमायच्या.

निमित्त सांगते. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान आजारी होते, तेव्हा आपल्या ग्रुपवरच्या सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. कुणी चर्चमध्ये, कुणी गणपतीपुढे, कुणी नमाजात. ते गेले. महिन्याभराने आपल्यातलीच एक मैत्रीण भेटायला आली आणि जरा वेळाने म्हणाली, तुम्ही ख्रिस्ती लोक सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करता, पण शेवटी तिचा उपयोग काय झाला? प्रश्नात कुचकेपणा नव्हता, मायाच होती. मी चहा टाकायला आत गेले. दोन वाक्यांत सांगता येईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. रमाबाईंचे आयुष्य मात्र मला ठाऊक होते आणि ते सांगायला दोन वाक्ये पुरत नाहीत.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतलेले. त्या शिकलेल्या आईने, लक्ष्मीबाईंनी, रमेला भल्या पहाटे उठवून, जवळ घेऊन श्लोक पाठ करून घेतले. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत होते. हे कुटुंब तीर्थयात्रा करत देशभर फिरायचे. देवळाच्या आवारात, नाहीतर नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक वाहतील त्यावर पोट भरायचे आणि उरेल ते दान करायचे.

अशा घरातल्या मुलीला प्रार्थना कुणी वेगळी शिकवायची गरज काय होती? जप, व्रते, उपास, प्रदक्षिणा यांतच तिचे लहानपण गेले. मग १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. शास्त्रीबोवांनी शास्त्रात सांगितले होते ते सारे केले. देव प्रसन्न व्हावा म्हणून होता नव्हता तो पैसा दानात आणि अनुष्ठानांत घातला. पैसा संपल्यावर दागिने गेले, उंची वस्त्रे गेली, शेवटी तांब्यापितळेची भांडीही गेली. मग रानातला पाला खाऊन दिवस काढले. अनंतशास्त्री जलसमाधीची भाषा बोलू लागले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. आईच्या वेळी तिरडी उचलायला दोनच ब्राह्मण पुढे आले. स्मशान तीन मैलांवर. उरलेले दोन खांदे श्रीनिवासचे आणि रमेचे. ती ठेंगणी असल्यामुळे तिरडी खांद्यावर नीट येईना, म्हणून आईचा भार तिने डोक्यावर वाहिला.

इथे गैरसमज नको. हिंदू भक्ताचे देवाशी सलगीचे नाते नसते असे मी म्हणत नाही. विठोबाशी भांडणारी, त्याला कामाला लावणारी जनाबाई आपण सगळ्यांनी मराठीच्या तासाला शिकलो आहोत. पण डोंगऱ्यांच्या घरात देवाशी जे चालले होते, त्यात बोलण्यापेक्षा मोबदलाच अधिक होता. विधी बिनचूक केला तर फळ मिळते. फळ मिळाले नाही तर विधीत कसूर असली पाहिजे, आणि मग ती कसूर शोधत बसायचे. पुढे रमाबाईंनी स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिले, त्यात या दिवसांविषयी राग फार कमी आहे. दिसतो तो थकवा.

भाऊ-बहीण हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच कलकत्त्यात ती दोघे एका ख्रिस्ती मेळाव्याला गेली. थोड्या वेळाने मंडळी उठली, वळली आणि ज्या खुर्च्यांवर बसली होती त्यांच्याचपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागली. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही, दिवा नाही. भावाबहिणीला वाटले, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! हा प्रसंग रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मला तो फार आवडतो, कारण आपल्या शाळेच्या प्रार्थनेतही बाहेरून पाहणाऱ्याला याहून जास्त काय दिसत असेल? त्या दिवशी त्यांना संस्कृत बायबलची एक प्रत भेट मिळाली. ती वाचून फारसे काही कळले नाही.

पुढची चार वर्षे मी भराभर सांगते. त्यांनीही ती तशीच सोसली. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात ओलांडून नोंदणी लग्न केले. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने इंग्लंडला निघाली.

तिथे वाँटेज या गावी त्या सिस्टरांच्या मठात राहिल्या. मठाच्या सिस्टर पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी लंडनच्या फुलहॅम भागात काम करत. ते पाहून रमाबाईंनी कारण विचारले, तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, गावाने ओवाळून टाकलेली ती बाई येशूला विचारते, उपासना करावी कुठे, आमच्या डोंगरावर की तुमच्या यरुशलेमात? आणि तो तिला सांगतो की प्रश्न जागेचा नाहीच. हिंदुस्थानातली तीर्थे पायाखाली घातलेल्या बाईला हे ऐकून काय वाटले असेल याचा अंदाज मी माझ्यापुरता करते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आता कुणालाही वाटेल की इथे गोष्ट पुरी झाली. धर्म बदलला, देव सापडला. रमाबाईंचे म्हणणे याच्या उलट होते. त्या वाँटेजच्या उपासनेला बसत आणि बाहेर येऊन सिस्टर जेराल्डिन यांच्याशी वाद घालत. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, काहीही त्यांनी वादावाचून गिळले नाही. ती पत्रे पुढे छापली गेली आहेत. वाचली तर शिष्येपुढे गुरूची दमछाक दिसते. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ज्याच्या नावाचा तो धर्म, तो ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्या सुमारास त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे प्रवचने देत होता आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाने पालटला. रमाबाईंनी ते वाचून स्वतःकडे पाहिले. डोंगऱ्यांच्या घरातली जुनी सवय त्यांनी नव्या धर्मात आणली होती. देवाला आवडेल असे वागायचे, पुण्य साठवायचे आणि मग त्याच्यासमोर जायचे. ते त्यांनी सोडले. रिकाम्या हातांनी गेल्या. इथून पुढे त्यांच्या आयुष्यात प्रार्थना हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. आता तो विधी राहिला नव्हता, रोजचे बोलणे झाले होते.

आणि लगेच त्याची किंमत पडली. शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि १८९० मध्ये पुण्याला आले. बॉस्टनच्या मंडळाच्या पैशावर चालणाऱ्या या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असा करार होता. रमाबाई तो पाळत होत्या. मात्र त्या आपल्या खोलीत मनोरमेसह रोज सकाळी बायबल वाचून प्रार्थना करत आणि तेव्हा खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. आधी एक-दोन, मग अधिक. पुण्यात बोभाटा झाला. ‘केसरी’ने सदनावर झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि सुमारे पंचवीस मुली सदनातून काढून नेल्या गेल्या.

माझे मत सांगते, कुणाला पटो न पटो. रानडे-भांडारकरांची बाजू लंगडी नव्हती. पोरक्या, विधवा मुलींवर त्यांना आसरा देणाऱ्या बाईचा प्रभाव पडणारच. ती तोंडाने काही न बोलली तरी पडणार. पालकांचा विश्वास त्यांनी आपल्या शब्दावर मिळवला होता, तेव्हा त्यांना राजीनामा देणे भागच होते. पण रमाबाईंना त्यातून सुटायला एकच गोष्ट करावी लागली असती: दार लावून घ्यायचे. कडी घातली असती तर सदन वाचले असते, नाव वाचले असते, पुण्यातली उठबस वाचली असती. त्यांनी घातली नाही. सदनातल्या हिंदू मुलीला आपल्या देवाची पूजा करायची मोकळीक होती, मग आपण आपल्या देवाशी चोरून का बोलावे, असा त्यांचा सवाल होता. माणूस ज्याच्याशी नाते नाही त्याला सहज लपवतो. आईशी बोलताना कुणी दार लावून घेते का? बॉस्टनच्या मंडळाने त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला नाही, म्हणून सदन टिकले.

यानंतरची एक गोष्ट आमच्या चर्चमध्ये हमखास सांगितली जाते. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे उघड्यावरचे शिबिर भरे. तिथे एका पहाटे रमाबाई झाडीत एकट्या प्रार्थनेला गेल्या. त्यांच्या पंधरा मुलींनी तोवर विश्वास धरला होता. मनात आले, पंधराचा वर्ग मागावा. दोनशे पंचवीस. शारदा सदनात तेव्हा तेवढ्या मुलीच नव्हत्या. तरी त्यांनी मागितले, आणि पुढच्या शिबिरापर्यंत आकडा भरला असे त्यांनीच लिहिले आहे. गोष्ट इथे संपवून लोक आमेन म्हणतात. मला तिथे थांबवत नाही, कारण आकडा भरला तो दुष्काळामुळे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली. रमाबाई बातम्या वाचून अस्वस्थ झाल्या. वीस वर्षांपूर्वीची आपली भूक त्यांच्या पोटात जागी झाली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना गोळा करून आणले. शेकडो मुली, हाडांचे सापळे, अंगावर चिंधी नाही, कित्येकींचा वाटेत दलालांनी सौदा मांडलेला. पुण्यात प्लेगचे निर्बंध, त्यामुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी आधीच शंभरेक एकर माळ घेऊन ठेवला होता, संत्र्यांची झाडे लावून सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून. तिथे तंबू आणि झोपड्या उठल्या. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडच्याही मुली आल्या आणि केडगावची वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली.

आता दोन हजार तोंडे. रोजची भाकरी कशी आणायची? रमाबाईंनी जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले होते. ब्रिस्टलला हजारो अनाथ मुले सांभाळणारा हा माणूस पैशाची गरज देवाशिवाय कुणालाही सांगत नसे. असे हिंदुस्थानात का होऊ नये, हे त्यांच्या मनाने घेतले. पण त्या म्युलरची नक्कल नव्हत्या. त्यांचे ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचे इंग्रजी नियतकालिक देशोदेशी जाई आणि त्यात मुक्तीचे सगळे हालहवाल असत. विहिरी खणल्या जात, शेती होई, हातमाग चालत, छापखाना चाले, दूधदुभते होते, आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन होते. केडगावात प्रार्थनेचा वेळ कामाच्या वेळातून कापलेला नव्हता आणि कामाने प्रार्थनेची सुट्टी घेतलेली नव्हती. ज्यांनी मोठे कुटुंब ओढले आहे त्यांना हे उलगडून सांगायला नको.

१९०५ सालाबद्दल मी बेताने लिहिते. वेल्समध्ये मोठे संजीवन झाल्याच्या बातम्या येत होत्या. रमाबाईंनी त्या वर्षाच्या सुरुवातीला मुलींना विचारले, रोज एकत्र प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी उठल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीस मुलींमध्ये जे उसळले त्याचे वर्णन मुक्तीच्या वृत्तांतात आहे. रडणे, पापांची कबुली, मग हसणे, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करताहेत. एका मुलीला आपण पेटलो आहोत असे वाटले आणि दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असेही त्यात आहे. बऱ्याच मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. मी स्वतः मागच्या बाकावर बसून हळू प्रार्थना करणारी, मला तिथे अवघडल्यासारखे झाले असते. पण त्या मुली कोण होत्या हे आठवते. कुणी त्यांचे नावसुद्धा आदराने घेतले नव्हते. विधवेने मोठ्याने बोलू नये, रडायचे तर कोपऱ्यात. त्यांना रमाबाईंनी सांगितले होते की तुमचे ऐकणारा कुणीतरी आहे, तुमच्या बोलीत बोललेले त्याला चालते. मग त्या ओरडल्या. रमाबाईंनी त्यांना गप्प केले नाही.

माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा भाग शेवटी आहे. मनोरमा मोठी होऊन आईचा उजवा हात झाली होती. शारदा सदनाची शाळा तीच पाहायची, आणि रमाबाईंनंतर मुक्तीची धुराही तिच्याच खांद्यावर जायची होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. चाळीस वर्षांची. ज्या जागी शेकडो जणी गुडघे टेकत, तिथे तिच्यासाठी मागणे झाले नसेल असे कोण म्हणेल? आईने मागितले नसेल? आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. १८७४ च्या हिशेबाने पाहिले तर पुन्हा विधी चुकला, फळ नाही. पण त्रेसष्ट वर्षांच्या रमाबाईंनी चूक शोधली नाही आणि देवाशी बोलणेही सोडले नाही. मी यजमानांच्या मागे पहिले काही आठवडे प्रार्थनेत एक शब्द बोलू शकले नाही, नुसती बसायचे. मग कळले की तसे बसणेही त्यालाच धरून होते. परक्या माणसाजवळ कुणी इतका वेळ गप्प बसत नाही. माझ्या मैत्रिणीला मी आज एवढेच सांगेन की आम्ही मागतो जरूर, हट्टाने मागतो, पण मागणे हे त्या नात्यातले एक बोलणे आहे. मिळाले नाही म्हणून बोलणे तुटत नाही. निदान रमाबाईंचे तुटले नाही.

त्यांच्या हातात तेव्हा एक काम अर्धे होते. साधारण अठरा वर्षे त्या संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या आणि त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. अठरा हजार संस्कृत श्लोक पाठ असलेल्या बाईने भारदस्त संस्कृत शब्द हट्टाने टाळले. शेतावरच्या, चुलीपुढच्या बाईला वाचून कळले पाहिजे, हाच निकष. भाषांतर मुळाला इतके चिकटून आहे की कुठे कुठे अडखळायला होते, हे खरे. पण कोणती बाई डोळ्यांसमोर ठेवून ते केले हे पानापानावर कळते. मनोरमा गेल्यावर आठ महिने त्या प्रुफे तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छपाई पुरी होऊन बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे बायकांनीच जुळवले. त्यांतल्या कित्येकींना केडगावला आल्या तेव्हा अक्षरओळखही नव्हती.